दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ब्रेकमास्तर गाडीच्या डाव्या सीटवर बसले होते आणि दातांच्या डॉक्टरीणबाई उजव्या. स्टिअरिंग बाईंच्या हातात होतं. गाडी मात्र मास्तरांच्या पायात होती.

गोल चौकाच्या अलीकडे पेपरवाल्याची सायकल आडवी आली. बाईंनी पाय उचलला आणि ब्रेककडे नेला. तो तिथे पोचायच्या आत गाडी कचकन थांबली.

"मी दाबतच होते," बाई म्हणाल्या.

"हो ना. मी आधी दाबला."

"तेच म्हणतेय मी. परीक्षेला तुम्ही शेजारी नसणार."

"परीक्षेचं परीक्षेला बघू. क्लच."

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो. शिकाऊ माणसाचा गोंधळ उडाला तर तो वापरायचा. मास्तर गोंधळ उडेपर्यंत थांबत नाहीत. एकोणीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. त्यांचे बहुतेक विद्यार्थी पहिल्या परीक्षेत नापास होतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मास्तरांच्या मनात कधी आलेलं नाही.

पायाला एकदा सवय लागली की ती गाडीपुरती राहत नाही. बसमधून जाताना मास्तर पुढच्या सीटचा दांडा धरून पाय दाबत असतात. टीव्हीवरच्या मालिकेत सून सासूला खरं सांगायला निघाली की त्यांचा उजवा पाय खाली जातो. सिनेमाला गेल्यावर त्यांची बायको आपले पाय सीटखाली ओढून घेते. लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमात तिच्या पावलावर निळा डाग पडला होता. "सिनेमा भुताचा होता," असं ती अजून सांगते, "पण लागलं मला नवऱ्याकडून."

त्या सकाळी मास्तरांनी तास लवकर संपवला.

"साडेसातला मुलाखत आहे," ते म्हणाले.

"तुमची?"

"मुलीची. परदेशातलं विद्यापीठ. लॅपटॉपवरून घेणारेत."

"मग तुम्हाला कसली घाई?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी बाईंना त्यांच्या घराशी उतरवलं. त्यांनी जागा बदलली आणि गाडी स्वतः चालवत घरी आणली. वाटेत दोनदा शेजारच्या रिकाम्या सीटच्या पुढ्यातला ब्रेक त्यांच्या नजरेला पडला आणि उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मुलीला समुद्रातल्या प्रवाहांचा अभ्यास करायचा आहे. त्यात गणित फार लागतं आणि तेच तिला आवडतं. घरापासून समुद्र इतका लांब आहे की तिथे जायचं तर आधी विचार करावा लागतो, मग रजा काढावी लागते, आणि तोवर विचार बदललेला असतो. मुलीने समुद्र पाहिलेला नाही. तिला पोहताही येत नाही. तिचा मामा एकदा आठवडाभर परदेशात जाऊन आल्यापासून जगातल्या सगळ्या देशांबद्दल बोलतो. तिची निवड ऐकून तो म्हणाला होता, "मासळीचा धंदा करायला पदवी कशाला?"

गावातल्या शाळेत वरच्या पातळीचं गणित नव्हतं. कागदावर होतं, पण वर्ग सुरू करायला दहा मुलं लागायची. मुलगी धरून दोन जमली, त्यातला एक काकाच्या दुकानावर बसायला निघून गेला. मुख्याध्यापकांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि हिशेबशास्त्राचा विषय घ्यायला सुचवलं. "शेवटी आकडेच ना?" ते म्हणाले.

ऑनलाइन शाळेचा पत्ता आईने काढला. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना त्याला हलता येत नाही, त्यामुळे ते बोलतं. अशाच एका गिऱ्हाइकाची भाची ऑनलाइन शाळेत शिकून बाहेरच्या एका नामांकित विद्यापीठात गेली होती. हे विद्यापीठ शंभरातल्या चार-पाच जणांना घेतं आणि उरलेल्यांना अतिशय नम्र पत्र पाठवतं. गिऱ्हाईक कानामागची दांडी सैल करून घेईपर्यंत आईने सगळी माहिती काढून घेतली होती.

शाळेच्या वेबसाइटवर एक मुलगी डोंगरावर लॅपटॉप घेऊन बसलेली होती आणि खूप हसत होती. शिकताना इतकं हसू कशाचं येतं, हे मास्तरांना आजवर कळलेलं नाही. त्यांच्या गाडीत कुणी हसत नाही.

पण शाळा खरी निघाली. जे गणित गावात नव्हतं ते तिथे होतं, आणि ज्या परीक्षांचे गुण ती विद्यापीठं ओळखतात त्या परीक्षाही. गणिताच्या बाई दुसऱ्याच देशातून शिकवायच्या, जिथे तेव्हा संध्याकाळ असायची. वर्ग रेकॉर्ड होत असे. कळलं नाही तर मुलगी बाईंना मागे नेऊन तेच वाक्य पुन्हा बोलायला लावायची, आणि बाई एकदाही वैतागल्या नाहीत. विद्यापीठाला काय सांगायचं, काय नाही, ते बघायला एक मार्गदर्शक बाई होत्या. त्यांच्या पाठीमागच्या कुंडीतलं झाड दोन वर्षांत एका पानानेही वाढलं नाही.

घर मात्र बदललं. कॅमेऱ्यासमोर पाठीमागे काही दिसू नये म्हणून भिंत रंगवायची ठरली. मास्तरांकडे गाडीचा पिवळा रंग उरला होता. आता मुलगी स्क्रीनवर जरा काविळीतून उठल्यासारखी दिसते. वर्ग चालू असताना मिक्सर लावायचा नाही, बेसिनशी खाकरायचं नाही, फोनवर मामाशी बोलायचं नाही. तिसरा नियम आईने शाळेच्या नावावर आपणहून घातला होता.

सगळ्यात अवघड गेला तो शुक्रवारचा तास. त्यात मुलांनी आपसात वाद घालायचा आणि बाईंनी गप्प बसायचं, अशी पद्धत होती. कुणी चुकलं तरी बाई बोलत नसत. बाकीच्यांनी चूक काढेपर्यंत थांबत. मास्तरांनी हा तास अगदी सुरुवातीला एकदा दारातून पाहिला आणि ते हादरले.

"त्या मुलाचं चुकतंय हे बाईंना दिसत नाही का?"

"दिसतंय की," मुलगी म्हणाली.

"मग बोलत का नाहीत?"

"बोलल्या तर आम्ही कशाला बोलू?"

मास्तरांनी मार्गदर्शक बाईंकडे रीतसर तक्रार केली. शिक्षिका कामाच्या वेळेत गप्प बसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी आभार मानले आणि सांगितलं की गप्प बसायचं शिक्षिकांना खास प्रशिक्षण दिलेलं आहे. हे वाक्य मास्तरांनी पुढे बऱ्याच लोकांना ऐकवलं. दरवेळी कुणीतरी हसेल या अपेक्षेने ते थांबत. आई एकदाच हसली, पण ती भलत्याच कारणाने.

या शुक्रवारांतून मुलीला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे ती वाद घालायला शिकली, आणि सराव घरी करू लागली. आई म्हणाली बाहेर गार आहे, स्वेटर घाल, तर मुलगी विचारायची, "याला आधार काय?" दुसरी म्हणजे एक मैत्रीण. ही मैत्रीण एका छोट्या बेटावर राहते. तिच्या खिडकीतून धक्का दिसतो. धक्क्याच्या खांबावर पाणी कुठवर चढलं ते ती सकाळ-संध्याकाळ पाहून कळवते. तिच्याकडे समुद्र आहे, पण गणितात तिची गाडी अडते. हिच्याकडे गणित आहे आणि समुद्र नाही. दोघी मिळून पुढच्या आठवड्याच्या भरतीचं भाकीत करतात. ते जिथे चुकतं तिथे का चुकलं, यावर त्यांचं भांडण होतं. समुद्र न पाहिलेल्या मुलीचं बेटावरच्या मुलीशी समुद्रावरून भांडण, आणि तेही तिने निम्म्या वेळा जिंकलेलं. असली सोय गावातल्या शाळेत झाली नसती.

मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. मुलीच्या वर्गाला ते जवळजवळ रोज हजर असायचे, पण ऐकायला नव्हे, लक्ष ठेवायला. तिच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, ते एका बुटक्या स्टुलावर बसत. तिथून स्क्रीन दिसत नसे, म्हणून त्यांनी जुन्या गाडीचा आरसा खिडकीच्या गजाला बांधला होता. वायरींचा बोर्डही जमिनीवर त्यांच्याच बाजूला होता, मोठ्या लाल बटणाचा. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे लॅपटॉप आणि इंटरनेटचा डबा दोन्ही त्या एका बटणावर चालत. "काही झालंच तर आपल्या आवाक्यात असावं," असं मास्तरांचं त्यावर स्पष्टीकरण होतं.

मुलाखतीच्या सकाळी मुलगी पिवळ्या भिंतीसमोर बसली. आई दुकानात उशिरा येते असं सांगून दारात उभी राहिली. मास्तर स्टुलावर बसले आणि त्यांनी आरसा नीट केला.

"बाबा, आज बाहेर बसशील?"

"मी दिसत नाही."

"मला दिसतोस."

"बघू नकोस."

साडेसातला स्क्रीनवर दोघं आले. एक दाढीवाले प्राध्यापक आणि एक आखूड केसांच्या प्राध्यापिका. त्यांनी आधी एक गणित घातलं. मुलीने सुरुवात केली आणि मध्येच ती थांबली. प्राध्यापकही काही बोलेनात. खोलीत इतकी शांतता झाली की आईला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला. मास्तरांचा पाय जमिनीपासून बोटभर वर उठला. मग मुलगी म्हणाली, "नाही, माझं चुकलं. मागे जाते." ती मागे गेली, दुसऱ्या वाटेने आली आणि तिने गणित सोडवलं. दाढीवाले प्राध्यापक पुढे वाकून ऐकत होते. शुक्रवारच्या तासाला असंच होत असे, त्यामुळे मुलीला त्यात विशेष वाटलं नाही. मास्तरांचा पाय तसाच वर राहिला.

मग प्राध्यापिकेने सहज विचारावं तसं विचारलं, "तू समुद्रापासून इतकी लांब राहतेस. मग हाच विषय का?"

मुलाखत परक्या भाषेत चालली होती. मास्तरांना त्या भाषेतलं निम्मं समजतं. पण धोका ओळखायला त्यांना भाषा लागत नाही.

"खरं सांगायचं तर," मुलगी म्हणाली, "मी समुद्र अजून पाहिलेलाच नाही. आणि मला पोहताही येत नाही. पण..."

मास्तरांना आरशात स्पष्ट दिसलं. समोर वळण होतं, मुलगी वेगात होती आणि तिने हॉर्नसुद्धा दिला नव्हता. त्यांनी पाय पूर्ण दाबला.

स्क्रीन काळी झाली. कोपऱ्यातल्या डब्याचे हिरवे दिवे विझले.

"बाबा."

"वीज गेली," मास्तर म्हणाले.

डोक्यावर पंखा फिरत होता. तिघांनीही वर पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मास्तरांचा पाय लाल बटणावर होता.

"अहो," आई म्हणाली, "पाय उचला तरी."

त्यांनी पाय उचलला. वाकून बटण पुन्हा सुरू केलं. लॅपटॉप जागा झाला आणि आपल्यात बऱ्याच सुधारणा करायच्या राहून गेल्यात असं सांगून त्या करू लागला. त्या होईपर्यंत मुलाखतीची वेळ संपली होती.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर मास्तरांना काहीतरी बोलता आलं असतं. ती खुर्चीवरून उठली, खिडकीकडे गेली आणि गजाला बांधलेला आरसा सोडू लागली. गाठ पक्की होती. तिला बराच वेळ लागला.

"तू सरळ सांगायलाच निघालीस," मास्तर म्हणाले. "पाहिला नाही, पोहता येत नाही. कोण घेईल मग?"

"माझं वाक्य संपलं नव्हतं."

"संपलं असतं तर उशीर झाला असता."

"मी 'पण' म्हणाले होते. ऐकलंस ना?"

मास्तरांनी ऐकलं होतं. मात्र त्यांच्या धंद्यात 'पण'पर्यंत थांबत नाहीत.

मार्गदर्शक बाईंना फोन आईने लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. कुंडीचं झाड फोनवर दिसत नसल्याने बाई जरा जास्त खऱ्या वाटत होत्या.

"काय झालं? वादळ?" बाईंनी विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली.

"वीज? पूर? मागे एकीच्या लॅपटॉपवर बकरी चढली होती."

"वडील."

"अच्छा," बाई सहज म्हणाल्या. "मग काळजी करू नकोस. तो प्रकार आमच्याकडे सगळ्यात जास्त होतो. कुणी पडद्यामागून उत्तरं सांगतं, कुणी मुलाच्या जागी स्वतःच बसतं. तुझ्या वडिलांनी नक्की काय केलं?"

"ब्रेक दाबला."

पलीकडे बाई क्षणभर थांबल्या. गप्प बसायचं प्रशिक्षण बहुधा त्यांनाही दिलेलं असावं.

"हे नवीन आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांनी तासाभरात विद्यापीठाशी बोलून पुन्हा फोन केला. मुलाखत घेणारे दोघं आणखी एक दिवस मुलाखती घेणार होते. उद्या सकाळी साडेसातला पंधरा मिनिटं मिळाली होती. यानंतर संधी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि प्राध्यापिकेने एक निरोप दिला होता: त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते त्यांना ऐकायचं आहे.

फोन ठेवेपर्यंत मामाचा फोन आला. बातमी त्याला कशी कळली हे कुणी विचारलं नाही.

"भावोजी, तिकडे असं चालत नाही," मामा म्हणाला. "तिकडे बाप दुसऱ्या खोलीत बसतो."

"तू पाहिलंस का तिकडे कुणाच्या बापाला?" मास्तर म्हणाले. "तू आठवडाभर हॉटेलात होतास."

"हॉटेलातही होता की एक. लॉबीत बसला होता."

आईने फोन काढून घेतला. तिने वायरींचा बोर्ड जमिनीवरून उचलला आणि कपाटावर, मास्तरांचा हातही पोचणार नाही इतक्या उंच ठेवला. स्टूल तिने बाथरूममध्ये नेऊन टाकलं. मग कामावर जाण्यासाठी केस बांधता बांधता ती म्हणाली, "उद्या साडेसातला तुम्ही घरात नकोत."

"मी बाहेरच्या खोलीत बसतो."

"तिथून मेन स्विच दिसतो."

मेन स्विच मास्तरांच्या डोक्यात येऊन गेला होता. बोर्ड नसला तर काय, हा विचार त्यांनी त्याआधीच केला होता.

त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून उद्याचा तास सव्वासातला ठेवता येईल का असं विचारलं. बाईंनी कारण विचारलं. मास्तरांनी थोडक्यात सांगितलं, म्हणजे आपली बाजू सांगितली. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या खुर्चीतल्या पेशंटने काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. तोंडात कापूस असल्याने ते नीट कळलं नाही.

"येते," बाई म्हणाल्या. "पण एका अटीवर. तुम्ही मांडी घालून बसायचं."

"गाडीत?"

"सीटवर. दोन्ही पाय वर."

"ते नियमात बसत नाही."

"मग निदान नदीपलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर पाय मागे घ्या. तिथे धडकायला काहीच नाही. मी स्वतः थांबून बघते."

मास्तर बघू म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द होकाराच्या जितका जवळ येऊ शकतो तितका आला होता.

दुपारी त्यांच्याकडे आणखी दोन शिकाऊ होते. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मुलगी बेटावरच्या मैत्रिणीशी बोलत होती. दार लोटलेलं होतं. मास्तर दाराशी थांबले. आतून आकडे ऐकू येत होते, मग हसू आलं, मग पुन्हा आकडे. दोन वर्षं या आवाजाच्या हातभर अंतरावर बसूनही हे कशाबद्दल आहे हे आपल्याला माहीत नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आत जायला त्यांनी दारावर हात ठेवला आणि मग तो काढून घेतला.

जेवताना त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "त्या 'पण'च्या पुढे काय म्हणणार होतीस?"

मुलीने ताटातून मान वर केली नाही. "उद्या सांगेन."

"मला?"

"त्यांना."

आई पाणी प्यायला लागली, कारण तिला हसू दिसू द्यायचं नव्हतं. टेबलाखाली मास्तरांचा पाय हलला. तो आईच्या पायावर पडणार होता, पण तिने आपले पाय आधीच खुर्चीखाली घेतले होते.

उद्याचा सहाचा तास सव्वासातला आहे. साडेसातला गाडी नदीपलीकडच्या रस्त्यावर असेल, डॉक्टरीणबाई उजव्या सीटवर आणि मास्तर डाव्या. गाडी सव्वाआठच्या आत परत येणार नाही. घराची किल्ली आईकडे आहे.